कुणाच्याही हातचं विमान

वाघमारे मॅडमचे हात थरथरायचे. वयामुळं नाही, कुठल्या दुखण्यामुळंही नाही. शाळेत होत्या तेव्हापासून. भावसिंगपुऱ्यात त्यांचं घर, वडील एका छापखान्यात खिळे जुळवायचे. "बाबा न बघता उलटी अक्षरं लावायचे, आणि मला सुईत दोरा ओवता यायचा नाही," असं त्या हसत सांगायच्या. चहा अर्धाच कप मागायच्या आणि तो दोन्ही हातांनी धरायच्या. सही करताना डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरायच्या. नवीन माणूस हे बघून नजर दुसरीकडं वळवायचा. मॅडम मात्र समोरच्याच्या हातांकडं सरळ बघायच्या. तोंडाकडं नंतर.

मी त्यांच्या हाताखाली लागलो त्या दिवशीही तसंच झालं. मी बॅटरी आणि वायरिंगच्या कामाला आलो होतो. टेबलावर ठेवलेल्या माझ्या हातांकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नईम, तुम्ही मुळात डावखुरे. कुणीतरी लहानपणी सवय मोडलीय."

मी चपापलो. खुलताबादच्या आमच्या घरी आजोबांनी माझी ती सवय मोडली होती, पण ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. मी स्वतःच विसरलो होतो. "कशावरून?" मी विचारलं.

"उजवा हात काम करतो, पण आधी डावा हलतो. थोडासा. विचारल्यासारखा."

त्यानंतर कित्येक दिवस मी त्यांच्यासमोर हात खिशात घालून उभा राहायचो.

कंपनी शहराबाहेर वाळूजला होती. धंदा गाड्यांचे सुटे भाग बनवण्याचा. पण मालकांच्या डोक्यात एकट्या माणसानं बसून उडवायचं छोटं विमान आलं आणि त्यासाठी मॅडमना मागच्या अंगणात एक वेगळी शेड मिळाली. विमान म्हणजे काय, तर एक खुर्ची, तिच्याभोवती चार बाहू, बाहूंच्या टोकाला वर-खाली पंखे. चाकं नाहीत, पायाखाली काही नाही, हाताशी एकच दांडा. दुसरीकडची माणसं असली यंत्रं जास्त लांब कशी जातील, जास्त जोरात कशी जातील याच्या मागं होती. मॅडमना त्यात रस नव्हता. त्यांचं एकच म्हणणं होतं: "कुणालाही उडवता आलं पाहिजे. सकाळी बसला, दुपारी उडाला. शिकवावं लागलं म्हणजे आपण कमी पडलो."

यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. कॉलेजात असताना त्या विमान चालवायला शिकायला गेल्या होत्या. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यानं त्यांचे हात पाहिले आणि म्हणाला, बाई, तुम्ही आपलं खिडकीतून बघा. "तो बरोबरच होता," मॅडम म्हणाल्या. "त्या विमानाला तसेच हात लागायचे. मग विमान बदलायला पाहिजे, एवढंच." आवाजात राग नव्हता. पण बोलताना त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले होते.

आमच्या यंत्राची पहिली अट त्यांनीच घातली: हात सोडला की थांबायचं. दांडा पुढं केला की पुढं, बाजूला केला की बाजूला, आणि सोडला की जिथल्या तिथं, हवेत, खुंटीला टांगल्यासारखं. घाबरलेल्या माणसाला काहीच करावं लागू नये. यंत्राला त्या 'तो' म्हणायच्या. "त्याला आज बरं वाटत नाहीये," म्हणायच्या, आणि तपासलं की एखादी मोटार खरंच गरम निघायची.

शेडमध्ये एक नुसती खुर्ची होती, समोर पडदा, हाताशी तसाच दांडा. मॅडम दिसेल त्याला पकडून तिच्यावर बसवायच्या. कँटीनमध्ये भाकरी करणाऱ्या बायका, वॉचमन, कुरियरवाला, कुणाच्या गावाहून आलेला सासरा. सांगायच्या काहीच नाहीत. स्वतः एका बुटक्या स्टुलावर बसायच्या, म्हणजे नजर बरोबर त्या माणसाच्या हाताच्या पातळीला यायची. पडद्याकडं बघायच्या नाहीत. त्या सगळ्या हातांवरून यंत्र शिकत होतं: माणूस घाबरला की दांडा कसा ओढतो, गोंधळला की कसा ढकलतो, आणि त्या धडपडीतून त्याला खरं जायचं कुठं असतं. हात काय करतोय ते बाजूला ठेवायचं आणि माणसाला काय हवंय ते करायचं, असं त्यांना यंत्राकडून हवं होतं. त्यांच्या स्वतःच्या हातांसाठी दुसरा मार्गच नव्हता.

हे किती साधलंय ते आम्हाला रफिकभाईंमुळं कळलं. रफिकभाई कंपनीच्या गेटवर रिक्षा लावायचे. जन्म रिक्षावर गेलेला, त्यामुळं खुर्चीवर बसले ते ऐटीत. चार वळणं घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, ये तो मेरे पैले मुड़ रा."

"म्हणजे?"

"मैं सोचा बायें लेना, अभी हात हिलाया बी नई, ये मुड़ गया."

मॅडमचा चेहरा उजळला. खरं तर यात जादू नव्हती; हात वळण्याआधी बोटं जरा आवळतात आणि तेवढ्यावरून यंत्र ओळखत होतं. मॅडमनी त्यांना तसं समजावून सांगितलं. रफिकभाईंनी ऐकून घेतलं, खुर्चीवरून उतरले आणि हात पँटला पुसले. "आदमी के दिल में क्या है, ये उसके बाजूवाले कू बी मालूम नई होना," ते म्हणाले. त्यानंतर ते शेडकडं फिरकले नाहीत. मॅडम दिसल्या की तोंडानं सलाम म्हणायचे, पण हात पाठीमागं बांधून.

खुर्चीवर वाळूची पोती ठेवून यंत्र उडवून झालं, कंपनीनं आणलेल्या पायलटनं उडवलं, मग माझी पाळी आली. मी फार वर गेलो नाही. पण त्या उडण्याबद्दल मला आजही एकच गोष्ट आठवते. आपण एकटे बसलोय असं वाटत नाही. कुणीतरी पाठीमागून वाकून, आपल्या खांद्यावरून बघत, आपला हात आपल्याही आधी वाचतंय असं वाटतं. खाली उतरल्यावर मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान." मग थोड्या वेळानं विचारलं, "बाई होती की पुरुष?" मी हसलो. त्या हसत नव्हत्या.

त्या स्वतः मात्र कधी बसल्या नाहीत. विचारलं की म्हणायच्या, "सगळ्यात शेवटी मी."

सुरुवातीला आम्ही वाळूजच्या पलीकडच्या माळावर उडवायचो. पण शहर आमच्या मागं लागल्यासारखं वाढत होतं. एका आठवड्यात माळावर चुन्याच्या रेघा दिसल्या, मग दगड, मग एक भलीमोठी रंगीत कमान, जिच्या आत घरं नव्हती, रस्ता नव्हता, नुसती कुसळं होती. आम्ही पुढं सरकलो, तिथं विजेच्या तारा आल्या. शेवटी जागा दिली ती दुष्काळानं. खुलताबादच्या डोंगरापलीकडं एक तलाव होता, तो ओळीनं काही पावसाळे कोरडे गेल्यानं तळापर्यंत आटला. तळ पाटासारखा सपाट, भेगाळलेला. माझ्या ओळखी होत्या, गावानं आधी हो म्हटलं, आणि आम्ही तिथं ताडपत्रीचा मांडव टाकला.

त्या जागेत आवाज नव्हता. पाखरं नव्हती. लांबच्या रस्त्यावर टँकर गेला तर त्याची घरघर तळातून आल्यासारखी वाटायची. तलावाच्या मधोमध एक जुनी वस्ती उघडी पडली होती. तलाव बांधताना बुडालेली. भिंती गेलेल्या, पण घरांची जोती शाबूत. दारांचे उंबरे होते, बाहेर दळायची जाती होती. गाळ वाळून त्यांच्यावर साय धरल्यासारखा बसला होता. मॅडम जेवणाच्या सुट्टीत तिथं जायच्या आणि उंबऱ्यातून आत, उंबऱ्यातून बाहेर अशा चालायच्या. जोत्यावरून चढून गेल्या असत्या तरी चाललं असतं. पण कधी गेल्या नाहीत.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर गावात बोलणं सुरू झालं की या पंख्यांनी पाऊस बांधून ठेवलाय. ढग खरंच यायचे. दुपारी डोंगरावर काळोखी जमायची, लोक अंगणात येऊन उभे राहायचे आणि संध्याकाळपर्यंत आभाळ विस्कटून पांढरं व्हायचं. जून असाच गेला. एका सकाळी आम्ही यंत्र बाहेर काढलं तेव्हा तलावाच्या काठावर माणसं उभी होती. ओरडत नव्हती. हातांत काठ्या होत्या. ती खाली उतरून यंत्राभोवती गोल करून उभी राहिली आणि त्यांच्यातून ठकूबाई पुढं आल्या. धनगराच्या, साठीकडं आलेल्या. त्यांची मेंढरं पूर्वी याच तलावावर पाणी प्यायची.

"ह्ये तुमचं गरगरतंय तवापासनं ढग येत्यात आन् फाटून जात्यात," त्या मॅडमना म्हणाल्या.

"मावशी, ढग लई वर असतात. आमचं हे झाडाच्या शेंड्याएवढंच जातं."

"तुमी वर जाऊन बघितलंय का?"

मॅडमनी एकदा वर पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या.

"मंग मला बसवा. मी बघते पाऊस कुटं अडलाय."

कंपनीच्या कुठल्याच नियमात हे बसत नव्हतं. मी मॅडमच्या कानाशी लागून तसं सांगितलं. त्या ठकूबाईंच्या हातांकडं बघत होत्या. "बसवा," त्या म्हणाल्या. "काही झालं तर माझ्यावर." गर्दीतल्या काठ्या खाली आल्या नव्हत्या, मी फार वाद घातला नाही. पट्टे आवळले, डोक्यावर हेल्मेट चढवलं. मॅडमनी एवढंच सांगितलं, "मावशी, भीती वाटली तर हात सोडा. तो थांबेल."

यंत्र उठलं. ठकूबाईंचा पदर एकदा फडफडला आणि चापून बसला. जन्मभर हेच करत आल्यासारख्या त्या गेल्या, सरळ, तलावाच्या मधोमध. बुडालेल्या वस्तीवर जाऊन यंत्र थांबलं.

थांबलं ते थांबलंच. खाली मांडवात लॅपटॉपवर आम्हाला दांडा कसा हलतोय ते दिसायचं. आम्हाला वाटलं, त्यांनी हात सोडला असेल. पण हात सोडलेला नव्हता. दांडा पूर्ण मागं ओढलेला होता, जिवाच्या आकांतानं, आणि यंत्र जागचं हलत नव्हतं.

"मॅडम, त्या परत यायला बघतायत," मी म्हणालो.

"भीती समजतोय तो," मॅडम पुटपुटल्या. "घाबरलेली माणसं असंच ओढतात, तेच शिकलाय. म्हणून धरून ठेवलंय." त्यांचे हात इतके थरथरत होते की त्यांनी ते काखेत दाबले. खालून त्याला काही सांगण्याची सोय आम्ही ठेवलेली नव्हती. तीही त्यांचीच अट. बॅटरी उतरली की यंत्र आपोआप परत यायचं. तेवढ्याची वाट बघायची होती. शंभर माणसं मान वर करून उभी होती आणि पंख्यांच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

ते परत आलं. ठकूबाई उतरल्या तेव्हा कुणी हात द्यायला पुढं झालं नाही, मीसुद्धा नाही. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "दिसला का पाऊस?"

"कुनी बांधला न्हाई," त्या म्हणाल्या. "वर नुसतं रिकामं हाय."

माणसं जशी आली तशी गेली. ठकूबाई मात्र मांडवात बसून राहिल्या. मॅडमनी पाणी दिलं, माफी मागितली. यंत्रानं ओढ ओळखली नाही, चूक झाली, असं त्या सांगू लागल्या. ठकूबाईंनी त्यांना थांबवलं.

"चूक न्हाई. खाली माझं माह्यार हाय. वरनं समदं दिसलं. चुलीची जागा, दावणीची जागा, माझी आय निजायची ती जागा. हात वढीत व्हता, लोकं बघत्यात म्हनून. मला यायचंच नव्हतं." मग त्यांनी मॅडमचा थरथरता हात आपल्या हातात घेतला आणि आवाज खाली आणला. "पन त्येला कसं कळलं, बाई? ह्येला आसं कळू दिऊ नगा. मानसाच्या मनात काय बी येतं. समद्याचं खरं केलं तर मानूस खाली येईल का?"

त्या दिवसापासून मॅडम बदलल्या. कामात नाही, काम वाढलंच. पण यंत्राशी बोलणं बंद झालं. मग एका सोमवारी त्यांनी सांगितलं की यंत्रातलं ओळखणं काढून टाकायचं. हात सांगेल तेवढंच, हळू आणि सांभाळून. सगळी मेहनत त्या ओळखण्यातच गेली होती, म्हणून मालक चिडले. मॅडम ऐकेनात. "माणसाला मागं यायचंय असं हात म्हणाला, की मागं. आत काय आहे ते त्याचं त्याच्यापाशी."

हे कळायला मला वेळ लागला, पण याचा एक अर्थ असा होता की मॅडमना ते कधीच उडवता येणार नव्हतं. नव्याला साधा हात समजणार होता; त्यांच्या हातातली थरथर कुठली आणि हुकूम कुठला हे फक्त जुन्या यंत्रालाच कळायचं. मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे." आणि लगेच पुढच्या कामाचं बोलू लागल्या.

यंत्र चालवणारं नवीन सॉफ्टवेअर तयार झालं. जुनं पुसायचं त्या दिवशी आम्ही दोघंच तलावावर होतो. दुपारची वेळ, वारा पडलेला, ताडपत्रीचं टोकसुद्धा हलत नव्हतं. "नईम," त्या म्हणाल्या, "एकदा. पुसायच्या आधी."

मी पट्टे आवळले. दांड्यावर ठेवलेला त्यांचा हात इतका हलत होता की लॅपटॉपवर नुसत्या गिरगोट्या दिसत होत्या. आणि यंत्र मात्र ताटात ठेवलेल्या पेल्यासारखं अलगद वर गेलं. वस्तीवर जाऊन थांबलं. मग सावकाश फिरू लागलं, एका जोत्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, घरं हुडकत गेल्यासारखं.

मी लॅपटॉपकडं पाहिलं. गिरगोट्या संपल्या होत्या. दांडा बरोबर मधोमध होता. म्हणजे त्यावर हात नव्हता. मी दुर्बीण उचलली. मॅडमचे दोन्ही हात मांडीवर होते, तळवे वर करून, आणि ते थरथरत नव्हते. इतकी वर्षं मी ते हात पाहत होतो. इतके निश्चल कधी पाहिले नव्हते. डोळे उघडे होते. यंत्र थांबायला हवं होतं. ते थांबत नव्हतं. एकेका उंबऱ्यावर जरा टेकल्यासारखं करून ते पुढच्या घराकडं वळत होतं.

सगळी घरं झाल्यावर ते परत आलं आणि मांडवाजवळ उतरलं, धूळसुद्धा फारशी न उडवता. मॅडमचे पाय जमिनीला लागले आणि हात पुन्हा थरथरू लागले.

"वर वारा होता," त्या म्हणाल्या.

मी ताडपत्रीकडं पाहिलं. "कुठं जायचं होतं तुम्हाला?"

"कुठंच नाही. मी काहीच मागत नव्हते."

"मग कोण मागत होतं?"

त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि जुनं सगळं स्वतः पुसलं. कुठं दुसरीकडं ठेवलेलं नाही ना, हे मला तीनदा विचारलं.

त्या वर्षी परतीचा पाऊस लागला आणि तलाव भरला. वस्ती पाण्याखाली गेली. यंत्र दुसऱ्या जागी उडत राहिलं, आणि चांगलं उडलं. एक नर्स, एक शाळेतले मास्तर, एका पायानं अधू असलेला एक दुकानदार, सगळे सकाळी बसले आणि दुपारी उडाले. उतरून प्रत्येक जण म्हणाला, यात काय अवघड आहे? मॅडमना हेच ऐकायचं होतं. प्रत्येकाला मी विचारायचो, पाठीमागं कुणी असल्यासारखं वाटलं का? कुणालाच वाटलं नाही. पुढं मालकांनी ते काम दुसऱ्या शहरातल्या कारखान्याला देऊन टाकलं, शेड मोडली, मॅडम निवृत्त झाल्या. यंत्राबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

त्या गेल्या त्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. बीड बायपासला गाड्या तुंबल्या होत्या, दोन्हीकडं नव्या इमारतींचे सांगाडे. मी मोटारसायकलवर होतो, आणि पलीकडच्या रांगेत एका शेअर रिक्षात, कडेला, मॅडम. हाक मारणार होतो, पण त्या वर बघत होत्या. बांधकामांच्या मधल्या आभाळाच्या पट्टीत. मान सावकाश डावीकडून उजवीकडं वळत होती, एखादी गोष्ट नजरेनं धरून ठेवल्यासारखी. मग थांबली, मग तेवढ्याच सावकाश परत फिरली, त्या दुपारी यंत्र घराघरांवर थांबत फिरलं होतं तशी. मी वर पाहिलं. भर दुपारचं कोरं आभाळ होतं, घारसुद्धा नव्हती.

शेजारी बसलेल्या बाईनं मॅडमकडं पाहिलं आणि तीही वर बघू लागली. मग रिक्षावाल्यानं हँडलवरून वाकून मान बाहेर काढली. तिघांच्या माना एकदमच उजवीकडं वळल्या. पुढची गाडी हलली, मागून हॉर्न सुरू झाले आणि रिक्षा निघून गेली.